अक्षरओळख झाली, पुढे काय?

पेशवाईच्या अखेरीस महाराष्ट्रात गावोगाव पंतोजींच्या शाळा भरत, पण त्या शाळांत पुस्तक म्हणून औषधालाही सापडत नसे. देवळाची ओसरी, सावकाराची पडवी किंवा खुद्द पंतोजींचे घर, एवढ्यावर शाळेचे भागे. नवे मूल आले की त्याच्यापुढे धूळपाटी सरकवायची, बोट धरून ओनामा गिरवून घ्यायचा, मग मुळाक्षरे आणि त्यानंतर बाराखडी. जोडीला पाढे. ते नुसते दोनापासून तिसापर्यंतचे नव्हते. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी असा सगळा अपूर्णांकांचा बाजारही तोंडपाठ करावा लागे. संध्याकाळी परवचा म्हटला की दिवस संपला. एवढ्या भांडवलावर पोरगा पेढीच्या गादीवर किंवा कुलकर्ण्याच्या दप्तराशी बसायला लायक ठरे.

वाचन शिकायचे ते मोडीचे, आणि त्याचे साहित्य म्हणजे जुनी पत्रे, खते, पावत्या. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घेई आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरे जोडत जाई. दोन शब्दांत फट नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे संपला हे मजकुराच्या अंदाजानेच ओळखायचे. दहा-बारा वर्षांच्या मुलाने असले एखादे खत धडाधड वाचून दाखवले तर ते कसब मुळीच लहान नव्हते. पण गंमत म्हणून, पुढे काय झाले या उत्सुकतेपोटी वाचावे असे त्याच्या हाती द्यायला काहीच नव्हते. गोष्टी कीर्तनात होत्या, आजीच्या तोंडी होत्या. बाळबोध लिपीतल्या पोथ्या देवघरात होत्या. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तर त्या ओसरीवर जागाच नव्हती.

मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या सरकारने १८२०च्या दशकात जिल्ह्याजिल्ह्यांतून या शाळांची माहिती मागवली. पुढे शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांनी ती कागदपत्रे संपादित करून १९४५ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणून आज हे चित्र इतके स्पष्ट दिसते. शाळा होत्या, शिकवणारे होते, फी धान्याच्या रूपानेही दिली जात होती. नव्हते ते फक्त छापील पुस्तक.

मराठी मुलांसाठी छापलेले पहिले पुस्तक मुंबई-पुण्यात नव्हे, तर तंजावरला निघाले, असे मानले जाते. सरफोजी राजांनी तिथे देवनागरी छापखाना घातला होता आणि इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने १८०६च्या सुमारास त्या छापखान्यातून बाहेर पडला. कावेरीकाठच्या मराठी मुलांना कोल्हा आणि द्राक्षे छापील रूपात भेटली, तेव्हा पुण्यातली मुले अजून धूळपाटीवरच होती.

मुंबईत हालचाल सुरू झाली ती १८२२ मध्ये. शाळा काढणे आणि शाळांसाठी पुस्तके तयार करणे, असा दुहेरी उद्देश ठेवून तिथे मंडळी स्थापन झाली, तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली. तिचे एतद्देशीय चिटणीस सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे. छत्र्यांची ‘इसपनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही दोन्ही पुस्तके १८२८ मध्ये आली. ‘बाळमित्र’चे मूळ बेर्क्वँ नावाच्या फ्रेंच लेखकाचे. ते इंग्रजीतून मराठीत आले, तेव्हा वाटेत बरेच पाणी प्यायले होते. तरी मराठी गद्य अजून रांगत असताना छत्र्यांनी मुलांना समजेल अशी सोपी, बोलती वाक्ये लिहिली, हे त्यांचे श्रेय कुणी नाकारू नये. एक गोष्ट मात्र तेव्हाच ठरून गेली. मुलाच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्य असणार. पुढची शंभर वर्षे मराठी शाळकरी मुलाला एकही कोल्हा उपदेश केल्याशिवाय भेटला नाही, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

शिक्षकही घडवावे लागले. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये मुंबईत अध्यापकांसाठी नॉर्मल वर्ग चालवला, पण दुसऱ्याच वर्षी ते वारले.

१८५५ मध्ये सरकारचे शिक्षण खाते अस्तित्वात आले आणि क्रमिक पुस्तकांचे युग सुरू झाले. पहिले पुस्तक, दुसरे पुस्तक, तिसरे पुस्तक. इयत्ता हा शब्द रूढ होण्याआधी पोरगा ‘दुसऱ्या पुस्तकात आहे’ असेच सांगितले जाई. या पुस्तकांच्या मराठीवर शेवटचा हात फिरत असे मेजर थॉमस कँडी यांचा. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम आणि त्यांची भावंडे रुळली ती मुख्यतः या गृहस्थामुळे. त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० मधले. व्याकरणाच्या इतिहासात याची नोंद होते, पण वाचन शिकणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिले तर ती केवढी मोठी सोय होती! मोडीच्या सलग ओळीत ठेचकाळणाऱ्या डोळ्याला आता शब्दाशब्दांत फट मिळाली आणि थांबायला जागा मिळाली. मुद्रित बाळबोधाने वाचन सोपे केले, ते असे.

ते आवडते केले का? त्याचे उत्तर दिपोट्यांच्या परीक्षेत सापडते. डेप्युटी इन्स्पेक्टरला मराठी मुलुखात सर्रास दिपोटी म्हणत. हे साहेब घोड्यावरून किंवा बैलगाडीतून येत, मुलाला उभे करून क्रमिक पुस्तकातला उतारा वाचायला लावत आणि शब्दार्थ विचारत. खासगी शाळांना निकालावर अनुदान मिळण्याची पद्धत होती, तिथे तर मास्तरांची भाकरीच त्या उताऱ्यावर अवलंबून. मग मास्तर करणार काय? वर्षभर तेच पुस्तक घोटून घ्यायचे. मुलाचा हात पानावर, डोळे साहेबांच्या पगडीवर आणि तोंडातून धडा अस्खलित! पुस्तक उलटे धरले असते तरी वाचन अडले नसते. साहेबांसाठी वाचणे आणि स्वतःसाठी वाचणे, या दोन वाटा इथे फुटल्या. गेल्या दीडशे वर्षांत मराठी प्राथमिक शाळेत जे काही चांगले घडले, ते दुसरी वाट शाळेच्या आत आणण्याच्या धडपडीतून घडले.

क्रमिक पुस्तकांवरची मुळातली टीका जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे केली. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करावे ही त्यांची मागणी सर्वांना पाठ आहे. त्याच निवेदनात त्यांनी वाचनाच्या पुस्तकांची फेररचना करा, असेही बजावले होते. अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध दोन्हींचे वाचन-लेखन हवे, हिशेब हवा, शेतीचे आणि आरोग्याचे पाठ हवेत, आणि शिक्षक शेतकरी समाजातूनही यावेत. कुणब्याच्या मुलाने वाचायचे तर त्याच्या जगातले काही त्या पानांवर असले पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. आयोगाने तो फारसा मनावर घेतला नाही.

त्याच सुमारास शिक्षण खात्याच्याच एका नोकराने वेगळा मार्ग काढला. विनायक कोंडदेव ओक हे गुहागरजवळच्या हेदवीचे. त्यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक सुरू केले आणि १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. याआधी अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ १८७२ पासून निघत होते, पण ओकांचे मासिक घराघरांत गेले. थोरांची चरित्रे, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती, असा मजकूर. भाषा इतकी स्वच्छ की मोठी माणसेही वाचत. आजच्या नजरेला ते मासिक गंभीरच वाटेल. पण परीक्षेत न येणारी छापील पाने मुलाने दर महिन्याला वाट बघून वाचावीत, ही सवय ओकांनी लावली. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ निघाले आणि बालमासिकाच्या नावातून बोध जाऊन तिथे आनंद आला. हा बदल नावापुरता राहिला नाही, मजकुरातही थोडा मोकळेपणा आला. दोन्ही मासिके मात्र वर्गणी परवडणाऱ्या घरांपर्यंतच पोहोचत होती. बाकीच्यांचे काय, हा प्रश्न कुणी हाती घेतला असेल तर तो बडोद्यात.

सयाजीराव गायकवाडांनी अमरेली भागात १८९३ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मुले शाळेत आली, वाचायला शिकली. शाळा सुटल्यावर गावात वाचायला काही नसेल तर शिकलेले विसरणार, ही गोष्ट महाराजांच्या लक्षात आली होती. अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तिथली सार्वजनिक वाचनालये पाहिली होती. तिथले ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना त्यांनी १९१० मध्ये बडोद्याला आणले आणि मध्यवर्ती ग्रंथालय, तालुक्यांची ग्रंथालये आणि गावोगावची वाचनालये अशी साखळी उभी राहू लागली.

त्यातली सर्वांत देखणी युक्ती म्हणजे फिरते ग्रंथालय. लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरायची आणि मागेल त्या गावी पाठवायची. गावातला शिक्षक किंवा एखादा जबाबदार गृहस्थ पेटी ताब्यात घेई, लोकांना पुस्तके वाचायला देई. मुदत संपली की पेटी परत आणि दुसरी रवाना. वर्गणी नाही. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळे दालन होते. तिथे पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले असत, म्हणजे खेळायला आलेले पोर पुस्तकाशी जाऊन पोहोचे. प्रजा मुख्यतः गुजराती बोलणारी, राजघराणे आणि बराचसा अधिकारीवर्ग मराठी. त्यामुळे पुस्तकेही दोन्ही भाषांत. ‘सयाजी बालज्ञानमाला’ ही छोट्या, स्वस्त पुस्तकांची मालाही गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांत निघाली. वाचायला शिकवणे आणि वाचायला देणे ही दोन्ही कामे सरकारचीच, असे मानणारे सरकार आपल्याकडे एवढेच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८चा कायदा आला, पण पेट्यांचा हा पसारा दुसऱ्या कुणी मांडला नाही.

शाळेत अक्षरे शिकवायची कशी, याचाही एक स्वतंत्र इतिहास आहे. मुळाक्षरांचा क्रम ध्वनींवर बेतलेला. क, ख, ग, घ घशातून, प, फ, ब, भ ओठांतून. शास्त्र म्हणून हे फार सुंदर, पण पाच वर्षांच्या मुलाच्या हाताला क आणि ख यांत काही साम्य सापडत नाही. म्हणून आकारावरून गट पाडण्याची युक्ती आली: ग, म, भ, न. एकदा ग जमला की म जवळच, म जमला की भ त्याच्या शेजारी. पुढे र, स, ख. पुढे व, ब, क. ही पद्धत इतकी रुजली की ‘गमभन’ म्हणजेच श्रीगणेशा, असा अर्थ होऊन बसला. हात लवकर वळतो, हा तिचा फायदा. तोटा वाचताना कळतो. या चार अक्षरांतून काना-मात्रेशिवाय शब्द बनतात ते गगन, नभ, मन, गमन. सहा वर्षांचे कुठले मूल ‘नभ’ म्हणते? ते म्हणते आई, पाणी, भाकरी, शेळी, आणि यातल्या प्रत्येक शब्दाला काना किंवा वेलांटी किंवा मात्रा लागते. परिणामी पहिले कित्येक महिने मूल वाचते ती कुणीच न बोललेली वाक्ये. छगन, मगन आणि कमल ही मंडळी पहिलीच्या पुस्तकात गर्दी करून राहिली ती त्यांच्या नावाला काना नव्हता म्हणून.

क्रमिक पुस्तकाला हसायला शिकवले ते आचार्य अत्र्यांनी. लंडनहून शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आलेला हा माणूस पुण्यात शाळा चालवत होता, म्हणून वर्गातल्या मुलाला काय भावते हे त्याला ऐकून ठाऊक नव्हते, पाहून ठाऊक होते. १९३०च्या दशकातल्या त्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’त मुले खऱ्या मुलांसारखी बोलू लागली. ‘दिनूचे बिल’ ही गोष्ट आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांनाही आठवते, तिचा गृहपाठ मात्र कुणालाच आठवत नाही.

पुस्तकाआधीची तयारी हा ताराबाई मोडकांचा विषय. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार, १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र आणि १९५७ मध्ये कोसबाडची टेकडी, असा त्यांचा प्रवास शहराकडून आदिवासी पाड्याकडे झाला. अनुताई वाघ सोबत होत्या. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, अशी त्यांची कुरणशाळा. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी बिया, शिंपले, दगड, पाने. भरपूर बोललेले, गाणी म्हटलेले, गोष्टी ऐकलेले मूल वाचायला लवकर शिकते, हे आज भाषातज्ज्ञ सांगतात. कोसबाडला ते रोज चालू होते. साने गुरुजींच्या नावाने १९५१ मध्ये सुरू झालेल्या कथामालेनेही शाळाशाळांतून हेच केले: आधी गोष्ट सांगायची, पुस्तक मूल आपणहून मागते.

२७ जानेवारी १९६७ला पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली ‘बालभारती’, स्थापन झाली. गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत एकच पुस्तक, तेही स्वस्तात आणि जूनमध्ये हातात. खासगी वाचनमालांचा बाजार त्याबरोबर उठला. त्यात बराच कचरा गेला आणि थोडे सोनेही गेले. बालभारतीने मात्र एक काम असे केले की त्याबद्दल तिला सगळे माफ करावे. १९७१ मध्ये तिने ‘किशोर’ मासिक काढले. वसंत शिरवाडकर पहिले संपादक. पाठ्यपुस्तके काढणाऱ्या सरकारी संस्थेने पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन स्वतःच्या खर्चाने छापावे, उत्तम लेखक-चित्रकारांना त्यासाठी बोलवावे आणि हे पन्नासहून अधिक वर्षे चालावे, हा चमत्कारच आहे.

सरकारी चमत्कारांची दुसरी बाजू १९८७च्या खडू-फळा मोहिमेत दिसली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, शैक्षणिक साहित्य आणि त्यात गोष्टींची पुस्तकेसुद्धा! पुस्तके आली, त्यांची जडसंग्रह नोंदवहीत नोंद झाली आणि ती कपाटात गेली. पान फाटले, पुस्तक हरवले तर भरपाई कोणाच्या पगारातून, ही धास्ती साधी नव्हती. तपासणीला येणारा अधिकारी पुस्तके मोजून बघे. ती किती मुलांनी वाचली, हे विचारायला त्याच्या नमुन्यात रकाना नव्हता. दिपोटी गेले, पण त्यांचा प्रश्न तोच राहिला. अशा स्थितीत जे मास्तर आणि बाई स्वतःच्या जबाबदारीवर कपाट उघडत होते, त्यांच्या शाळेत मुले वाचत होती. राज्यभर असे शिक्षक होते आणि आहेत.

याच काळात फलटणला मॅक्सीन बर्नसन काम करत होत्या. जन्माने अमेरिकन, पीएचडीचा विषय फलटणच्या मराठी बोलीतले सामाजिक भेद, आणि १९७८ मध्ये भारतीय नागरिकत्व. गरीब वस्तीतली मुले वर्षानुवर्षे शाळेत बसूनही वाचायला का शिकत नाहीत, या प्रश्नाने त्यांना भाषाविज्ञानातून वर्गात आणले. १९८६ मध्ये त्यांची कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. तिथल्या पद्धतीत अक्षरांचे छोटे गट असतात, पण गटाबरोबर काना आणि इतर खुणाही लगेच येतात, म्हणजे मुलाला पहिल्या आठवड्यांतच काका, मामा, बाबा असे ओळखीचे काही वाचता येते. मूल जे बोलते ते बाईंनी फळ्यावर लिहायचे आणि तेच त्याने वाचायचे, हाही त्याचाच भाग. गगन-नभाच्या कोंडीवर इतका सरळ उपाय सुचायला इतकी वर्षे लागावीत, याचे नवल वाटते. कोल्हापुरात लीलाताई पाटलांचे सृजन आनंद विद्यालय १९८५ मध्ये निघाले होते. तिथेही वाचन हा परीक्षेचा विषय नव्हता, रोजचा उद्योग होता.

२००५ पासून ‘असर’ हे शिक्षणाच्या स्थितीचे सर्वेक्षण होऊ लागले आणि आकडे समोर आले. दुसरीच्या पातळीचा सोपा उतारा पाचवीच्या मुलाला वाचता येतो का, एवढेच ते पाहते. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या ५०.५ टक्के मुलांना तो वाचता आला. करोनाने शाळा बंद पडल्यानंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आले. या आकड्यांवर प्रत्येक वेळी आठवडाभर चर्चा होते आणि उपाय म्हणून बहुधा अक्षरओळखीचा आणखी एक कार्यक्रम येतो. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिनी, राज्यातल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी कपाटे उघडतात, फोटो निघतात. १६ ऑक्टोबरला काय होते, ते शाळेशाळेवर अवलंबून.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके हवीत, असे लिहिले आहे. याच कायद्याने पालकांना शाळा व्यवस्थापन समितीत बसवले आहे. तेव्हा पुढच्या बैठकीत खिचडीचा तांदूळ आणि गळके छप्पर यांचा हिशेब झाला की पालकांनी आणखी एक वही मागावी: पुस्तक देवघेवीची. गेल्या महिन्यात किती पुस्तके कपाटातून मुलांच्या घरी गेली, ते तिच्यात दिसेल. वहीच नसेल, तर ती त्याच बैठकीत सुरू करावी.